विश्वस्त पगार घेत नाहीत, मग करतात काय?



मागच्या पालकसभेत एका पालकांनी सरळच विचारलं, "सर, दारातल्या फलकावर विश्वस्तांची सात नावं आहेत. यांना महिन्याला मिळतं किती?" मी म्हटलं, "काहीच नाही." ते हसले. म्हणाले, "मग काम तरी कशाला करतील?" तेवढ्यात पाण्याच्या टाकीचा विषय निघाला (आमच्या सभेत तो निघतोच) आणि प्रश्न तसाच राहिला.

माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. कारण मी स्वतः एका छोट्या ट्रस्टचा बिनपगारी विश्वस्त आहे. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना आम्ही शिष्यवृत्ती देतो. तेव्हा हा लेख त्या पालकांसाठी आहे आणि थोडा माझ्यासाठीही.

आधी शब्द नीट समजून घेऊ. एखाद्याने दिलेला पैसा किंवा मालमत्ता तिसऱ्याच कुणाच्या तरी भल्यासाठी जो सांभाळतो, तो विश्वस्त. पैसा त्याच्या ताब्यात असतो, पण त्याचा नसतो. मुलांना मी असं सांगतो: सहलीचे पैसे वर्गाच्या मॉनिटरकडे जमा असतात. ते त्याच्या खिशात आहेत म्हणून तो त्यातून वडापाव खाऊ शकत नाही. इथपर्यंत सगळ्यांना पटतं. पण मग मॉनिटरने नुसते पैसे सांभाळून ठेवले आणि बसच ठरवली नाही, तर? त्याने चोरी केलेली नाही. तरीही सहल बुडाली. विश्वस्ताच्या कामाची खरी गंमत इथे सुरू होते.

यासाठी एक खरी गोष्ट सांगतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला दिव्यामुळे माहीत आहे. तिच्या नावाने उभारलेल्या निधीबद्दल मात्र आपण फारसं सांगत नाही.

नोव्हेंबर 1855. क्रिमियाचं युद्ध अजून संपलेलं नव्हतं, नाइटिंगेल तिकडेच होती, आणि इकडे लंडनमध्ये तिच्या कामाच्या कृतज्ञतेपोटी जाहीर सभा भरली. निधी गोळा करायचं ठरलं. 44 हजार पौंडांहून जास्त रक्कम जमली. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती. त्यातले सुमारे नऊ हजार पौंड सैनिकांनी दिले, पुष्कळांनी आपला एका दिवसाचा पगार देऊन. जेनी लिंड या प्रसिद्ध गायिकेने निधीसाठी गाण्याचा कार्यक्रम केला. हा पैसा परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरायचा होता आणि तो सांभाळायला मान्यवरांचं एक मंडळ नेमलं गेलं. यालाच 'नाइटिंगेल फंड' म्हणतात.

1856 मध्ये नाइटिंगेल परत आली ती आजारी होऊन. शिवाय सैन्याच्या आरोग्यव्यवस्थेच्या सुधारणेत ती बुडून गेली. फंडाकडे बघायला तिला वेळच नव्हता. अखेर 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत 15 मुली, प्रशिक्षण एक वर्षाचं, राहणं-जेवण आणि गणवेश फुकट, वर वर्षाला 10 पौंड हातखर्च. रुग्णालयाच्या मुख्य परिचारिका मिसेस वॉर्डरोपर यांनी मुलींवर देखरेख करायची आणि तिथले निवासी वैद्यकीय अधिकारी व्हिटफील्ड यांनी व्याख्याने द्यायची, असं ठरलं. दोघांनाही फंडातून मानधन होतं.

कागदावर व्यवस्था चोख होती. प्रत्येक मुलीचा मासिक तक्ता भरला जायचा. वक्तशीरपणा, शांतपणा, स्वच्छता, विश्वासूपणा असे रकाने, आणि प्रत्येकात शेरा. (आपल्या सर्वंकष मूल्यमापनाच्या नोंदवह्या आठवल्या ना? मलाही आठवल्या.) तक्ते भरले जात होते, हिशेब जुळत होते, वर्षं जात होती.

सुमारे बारा वर्षांनी, 1872 च्या आसपास, नाइटिंगेलने स्वतः शाळेत लक्ष घातलं. शिकणाऱ्या मुलींना ती घरी बोलावून त्यांच्याशी बोलू लागली. तेव्हा कळलं की व्हिटफील्ड यांची व्याख्याने बंदच पडली होती. त्यांना दारूचं व्यसन होतं. मुली वॉर्डात कामाला जुंपल्या जात, शिकवायला कुणी नव्हतं. मग व्हिटफील्ड गेले, क्रॉफ्ट नावाचे शल्यचिकित्सक नेमले गेले आणि व्याख्याने पुन्हा सुरू झाली. मुलींच्या वसतिगृहात त्यांच्या अभ्यासाकडे बघायला एक स्वतंत्र परिचारिकाही नेमली.

आता मंडळाचं काय चुकलं ते बघा. कुणी पैसा खाल्ला नव्हता. माणसं सज्जन होती, नावाजलेली होती. मंडळाचे अध्यक्ष सर हॅरी व्हर्नी हे नाइटिंगेलच्या बहिणीचे यजमान. सचिव हेन्री बोनहॅम कार्टर हे तिचे मावसभाऊ. त्यांच्या आधीचे सचिव, कवी आर्थर क्लफ, हे तिच्या एका मामेबहिणीचे पती. म्हणजे सगळं घरचंच. घरच्या माणसांची निष्ठा पक्की असते हे खरं, पण घरात अडचणीचे प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, हेही तितकंच खरं. आलेल्या कागदावर विश्वास ठेवायचा आणि पुढे जायचं, असं चाललं. ज्या मुलींसाठी सैनिकांनी दिवसाचा पगार दिला होता, त्या मुलींना जाऊन "शिकवतात का गं?" हे बारा वर्षं कुणी नीट विचारलं नाही.

आज इंग्लंडमध्ये अशा विश्वस्तांसाठी नियम स्पष्ट आहेत. तिथला धर्मादाय आयोग विश्वस्तांची सहा कर्तव्यं सांगतो. साध्या भाषेत सांगायचं तर: संस्था ज्या हेतूसाठी आहे तेच काम लोकहितासाठी होतंय ना ते बघणं, घटना आणि कायदा पाळणं, फक्त संस्थेच्या हिताचा निर्णय घेणं, पैसा जबाबदारीने वापरणं, वाजवी काळजी आणि कौशल्य वापरणं, आणि हिशेब उघडपणे देणं. यातलं पहिलं वाचा पुन्हा. हिशेब जुळणं हे पहिलं नाही. काम होतंय का, हे पहिलं.

विश्वस्त तिथे साधारणपणे बिनपगारी असतात. प्रवासखर्च मिळतो, पण मानधन हा अपवाद, आणि त्यालाही रीतसर अधिकार लागतो. कारण सोपं आहे. पैशाचे निर्णय हेच लोक घेतात. त्यांनीच स्वतःचा पगार ठरवला तर त्यांना विचारणार कोण? रोजचं काम करायला पगारी माणसं असतातच. विश्वस्तांनी त्यांच्यावर नजर ठेवायची. जबाबदारीही सामाईक असते. "मी त्या दिवशी बैठकीला नव्हतो" म्हणून सुटका होत नाही. एक गोष्ट मला फार आवडली: काही प्रकारच्या संस्थांमध्ये तिथे 16 वर्षांची मुलंही विश्वस्त होऊ शकतात. आपल्या दहावीच्या वर्गाकडे बघून मी जरा विचारात पडलो.

औषधनिर्मात्यांना मदत करणारी 'फार्मासिस्ट सपोर्ट' ही तिथली संस्था घ्या. तिची मुळं 1841 मधल्या मदतनिधीत आहेत. कर्जात अडकलेला, व्यसनात सापडलेला, कामाच्या ताणाने खचलेला फार्मासिस्ट तिच्याकडे येतो. अशा संस्थेच्या मंडळावर त्या पेशातली माणसं हवीतच, त्यांना दुखणं कळतं. पण सगळीच त्या पेशातली असली तर पंचाईत. अर्ज करणारा उद्या कुणाचा तरी सहकारी निघायचा. म्हणून हिशेब कळणारा, कायदा कळणारा, बाहेरचा माणूस बरोबर असावा लागतो.

आपल्याकडेही व्यवस्था आहे. महाराष्ट्रात 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे आणि धर्मादाय आयुक्त आहेत. आपल्या बहुतेक खासगी अनुदानित शाळांच्या संस्था याच कायद्याखाली नोंदलेल्या असतात. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज, म्हणजे आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो, तो द्यावा लागतो. संस्थेची जमीन विकायची तर आयुक्तांची आधी परवानगी लागते. पण कायदा कागद मागतो. मुलीला फोन करायला तो सांगत नाही.

आता माझी गोष्ट. आमचा ट्रस्ट सहा मुलींना प्रत्येकी 12 हजार देतो. दोन वर्षं मी अहवालावर सही केली: 'लाभार्थी सहा, रक्कम वितरित.' नाइटिंगेल फंडाबद्दल वाचल्यावर मला कसंसंच झालं आणि यादीतल्या एका मुलीला मी फोन लावला. ती म्हणाली, "पैसे मिळाले सर, पण फेब्रुवारीत. फी ऑक्टोबरात भरायची होती. आईनं डोरलं गहाण ठेवलं."

चूक कॉलेजची नव्हती, आमचीच होती. आमची बैठक जानेवारीत व्हायची, कारण ती पहिल्यापासून जानेवारीतच होत आली होती. त्यात चेकवर दोन सह्या लागायच्या आणि सही करणारे एक गृहस्थ मुंबईला राहायचे. अहवालातला एकही शब्द खोटा नव्हता.

पुढच्या बैठकीत मी हे मांडलं. थोडी शांतता झाली. एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "गुरुजी, देतोय ना आपण? मग झालं तर." वाद झाला, पण बैठक सप्टेंबरवर आली. दोघा विश्वस्तांनी प्रत्येक मुलीशी वर्षातून दोनदा बोलायचं ठरलं. मग मी म्हटलं, त्या मुलीच्या आईला गहाणाचं जे व्याज पडलं ते ट्रस्टने द्यावं. आमच्यातल्या वकीलबाईंनी तिथेच अडवलं. ट्रस्टच्या घटनेत फक्त शैक्षणिक शुल्क लिहिलंय, व्याज नाही, आणि आपल्याला वाईट वाटतंय म्हणून दुसऱ्याचा पैसा भलत्याच कामाला वापरता येत नाही. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. पण त्या बरोबर होत्या. शेवटी आम्ही चौघांनी खिशातून पैसे काढले, वकीलबाईंचे सगळ्यात जास्त. डोरलं सुटलं. त्या पैशांची ट्रस्टची पावती फाडली नाही, कारण ते ट्रस्टचे नव्हतेच.

मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या पालकसभेत त्या पालकांना हे सगळं सांगणार आहे, पाण्याच्या टाकीतून वेळ मिळाला तर.