पेढी एक, गावे अनेक

ऑक्टोबर उजाडला की लातूर तालुक्यातील मुरुडच्या बाजारात सोयाबीनची आवक सुरू होते. आडत दुकानांपुढे काटा लागतो, हमाल पोत्यांच्या थप्प्या रचतात, मापाडी वजन पुकारतो. हे दृश्य दरवर्षीचेच. बदलली आहे ती दुकानाची गादी. एके काळी गादीवर थोरले भाऊ बसत, शेजारी धाकटे असत आणि कोपऱ्यात मुनीम रोजमेळ लिहीत असे. आज बहुतेक गाद्यांवर एकच माणूस दिसतो. मुलगा पुण्यात नोकरी करता करता घरच्या व्यापाराची खरेदी-विक्रीची आकडेवारी पाहतो, पुतण्या नवी मुंबईच्या वाशी बाजारात डाळीच्या सौद्यांवर लक्ष ठेवतो आणि सून लातूरच्या घरातून हिशेब व कराचे काम सांभाळते. पेढीचे नाव एकच आहे. माणसे मात्र चार गावांत आहेत.

मराठवाड्यातील लहान बाजारपेठांच्या व्यापारी घरांपुढे हा आजचा खरा प्रश्न आहे. शिकलेली पिढी गावी परतत नाही. वडिलांचे वय झाले की दुकानाला कुलूप लावायचे, की दूर राहणाऱ्यांना सोबत घेऊनच ते चालवायचे? दुसरा मार्ग शक्य आहे. परंतु सर्वांचे क्रमांक घेऊन मोबाइलवर एक गट काढला की संघ तयार झाला, ही समजूत महागात पडते. परस्परांना रोज न दिसणाऱ्या माणसांनी एकत्र काम करण्याला शिस्त लागते, आणि त्या शिस्तीचे पहिले धडे व्यापारी घरांच्या जुन्या वह्यांतच लिहिलेले आहेत.

हुंडीची पाच कुलुपे

बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत आली. मुरुड याच लोहमार्गावरचे गाव. त्या काळी लातूर-मुरुडचा प्रदेश निजामाच्या संस्थानात होता, तर बार्शी इंग्रजांच्या मुलखात. इकडे हाली शिक्का चाले, तिकडे कलदार रुपया. दोन राज्ये आणि दोन चलने यांच्यामधून माल आणि पैसा ये-जा करीत असे. रोकड घेऊन प्रवास करणे धोक्याचे. म्हणून पेढ्यांनी हुंडीचा आधार घेतला. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानेही देशी भाषांतील हुंड्यांबाबतच्या स्थानिक रूढींना धक्का लावला नाही.

हुंडी केवळ शब्दावर चालत असे, असे सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्षात तिला अनेक कुलुपे होती. हुंडी लिहिली की ज्याच्यावर ती लिहिली त्या पेढीला वेगळ्या पत्राने सूचना जाई. त्यामुळे केवळ कागद हाती आला म्हणून कोणाला पैसे मिळत नसत. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या ओळखीच्या सावकारालाच दिले जात. पुढे काही खोटे निघाले तर त्याला जबाबदार धरता येई. रक्कम एकदाच न लिहिता तिच्या निम्म्याचा आकडा लिहून त्याची दुप्पटही नोंदवीत, म्हणजे एका आकड्यात खाडाखोड करून भागत नसे. मूळ हुंडी गहाळ झाली तर ‘पेठ’ आणि तीही हरवली तर ‘परपेठ’ लिहिली जाई. शिवाय, समोरच्या पेढीने हुंडी नाकारलीच तर त्याच गावातील दुसऱ्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याने ती स्वीकारावी, अशी विनंती करणारी ‘जिकरी चिठ्ठी’ही जोडता येत असे.

याचा अर्थ स्पष्ट आहे. पूर्वजांचा परस्परांवर विश्वास होता, आणि तरीही त्यांनी प्रत्येक पायरीवर पडताळणीची सोय केली होती. पडताळणीने विश्वास घटत नाही, तो टिकतो, हे त्यांनी जाणले होते. आजच्या दूरस्थ संघाची पायाभरणी याच जाणिवेवर व्हायला हवी.

खामगावचा फोन

पत्रांच्या जागी फोन आला आणि व्यवहाराला वेग आला. त्याबरोबर नवा वांधाही आला. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादचे व्यापारी आणि विदर्भातील खामगावची एक तेलगिरणी यांच्यात ट्रंक कॉलवर सरकी पेंडेचा सौदा झाला. पेंड मिळाली नाही म्हणून अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी ३१,१५० रुपयांचा दावा लावला. कागद नव्हता, फक्त संभाषण होते. मग सौदा झाला कोठे, होकार उच्चारला गेला त्या खामगावात की तो ऐकू आला त्या अहमदाबादेत? दावा कोणत्या शहरात चालायचा हे त्यावर अवलंबून होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६५ मध्ये न्यायालयाने बहुमताने ठरविले की फोनवरील करार, होकार ज्या ठिकाणी ऐकला जातो, तेथे पूर्ण होतो. हा निकाल आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकविला जातो.

व्यापाऱ्याने त्यातून घ्यायचा बोध अधिक साधा आहे. सौदा झाला तेव्हा दोन ओळी लिहून पाठविल्या गेल्या असत्या आणि वाद झाल्यास तो कोठे सोडवायचा हे त्यांत नमूद असते, तर निदान जागेचा प्रश्न सहा वर्षे लांबला नसता. आज लिहून पाठविणे क्षणाचे काम आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील दुरुस्तीनंतर, केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला या कारणाने करार नाकारता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही इलेक्ट्रॉनिक नोंदींना पुराव्यात स्थान दिले आहे. त्यासाठी विहित प्रमाणपत्र मात्र जोडावे लागते. म्हणून सौद्याचे संदेश पुसू नयेत, आणि फोन बदलताना जुन्या नोंदी सुरक्षित ठेवाव्यात.

मुरुड ते रंगून

सोयाबीन आणि तूर ही लातूर पट्ट्याची दोन मोठी पिके. त्यांचा भाव आता एकट्या लातूरच्या बाजारात ठरत नाही. सोयाबीनसाठी इंदूरच्या कारखान्यांची मागणी पाहावी लागते. तुरीसाठी म्यानमार आणि पूर्व आफ्रिकेतून येणाऱ्या मालाचा अंदाज घ्यावा लागतो; मोझांबिकशी डाळींच्या आयातीबाबत भारताने २०१६ मध्ये करारही केला. लातुरात सकाळचे अकरा वाजतात तेव्हा रंगूनमध्ये बारा वाजलेले असतात आणि टांझानियात साडेआठ. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीनसह काही शेतमालाचे वायदे व्यवहार स्थगित केले. भाव दाखविणारा तो सार्वजनिक फलक हटल्यावर ठिकठिकाणच्या खात्रीशीर माणसांकडून येणाऱ्या माहितीचे मोल आणखी वाढले.

येथे चार गावांत विखुरलेले कुटुंब दुबळे ठरत नाही. उलट तीच त्याची ताकद होऊ शकते. मुरुडचा माणूस शेतकऱ्याचा माल डोळ्यांनी पाहतो, लातूरचा डाळमिलची मागणी जाणतो, वाशीचा ग्राहकाची चव ओळखतो. माहिती वेळेवर आणि नेमकी एकत्र आली तर लहान पेढीही मोठ्या खरेदीदाराच्या बरोबरीने विचार करू शकते.

प्रत्येक कामाला एक धनी

नेमकेपणा आपोआप येत नाही. संयुक्त दुकानात एखादे काम राहिले तर ते समोर दिसते; दूरच्या संघात ते तसेच पडून राहते, कारण प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने केले असेल. म्हणून पहिला नियम असा की प्रत्येक कामाला एकच धनी असावा. खरेदी एकाकडे, वाहतूक दुसऱ्याकडे, वसुली तिसऱ्याकडे. सल्ला सर्वांनी द्यावा; उत्तरदायित्व एकाचे असावे. लातूरहून हिशेब पाहणाऱ्या सुनेच्या शब्दाला त्या कामात सासऱ्यांच्या शब्दाइतकेच वजन असले, तरच ती खऱ्या अर्थाने पेढीची भागीदार होते. एरवी ती फक्त आकडे भरत राहते.

दुसरा नियम सौद्याच्या भाषेचा. “माल चांगला आहे, पाठवतो” या वाक्याने जितके वांधे होतात तितके क्वचित दुसऱ्या कशाने होत असतील. प्रत्येक सौद्याच्या संदेशात माल व त्याची प्रत, ओलावा आणि मातीचे प्रमाण, वजन, भाव, भाडे व बारदाना कोणाकडे, आणि पैशाची मुदत इतके तरी यावे. रक्कम अंकी आणि अक्षरी लिहावी. हुंडी लिहिणाऱ्यांची ती सवय सोडण्याचे कारण नाही. समोरून ‘मान्य’ असे उत्तर येईपर्यंत सौदा पक्का धरू नये.

तिसरा नियम रोजमेळाचा. दिवस मावळताना रोकड आणि वही यांचा मेळ घातल्याशिवाय जुने मुनीम उठत नसत. दूरच्या संघानेही ठरलेल्या वेळी, दहा-पंधरा मिनिटांत, आजची खरेदी, पाठविलेला माल, आलेले पैसे आणि अडलेले काम यांचा मेळ घालावा. दिवसभर येणाऱ्या शेकडो संदेशांपेक्षा ही एक बैठक अधिक काम करते. सौद्यांचा गट वेगळा आणि घरच्या शुभेच्छांचा वेगळा असावा. सुप्रभातच्या फुलांखाली एखादी मुदत दडून जाता कामा नये.

चौथा नियम सुरक्षेचा. खाते क्रमांक बदलल्याचा संदेश आला, अथवा ओळखीच्या आवाजात तातडीने पैसे मागणारा फोन आला, तर आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करावी. हुंडीमागून जाणाऱ्या सूचनापत्राचे हे आजचे रूप आहे. आवाजाची हुबेहूब नक्कल करता येण्याच्या या काळात त्याला पर्याय नाही. तसेच कोणतेही काम एकाच माणसाच्या आजारपणाने थांबू नये. बँकेचे अधिकार, कराच्या संकेतस्थळाची माहिती, गोदामाची किल्ली यांसाठी दुसरा माणूस नेमलेला असावा. पेठ आणि परपेठ यांची योजना याच दूरदृष्टीतून झाली होती.

जाळे आणि संगनमत

घराबाहेर पडून अनेक पेढ्यांनी एकत्र येणे ही पुढची पायरी. एका लहान व्यापाऱ्याचा माल पूर्ण ट्रक भरत नाही. तिघांचा मिळून भरतो आणि क्विंटलमागे भाडे उतरते. ओलावा मोजण्याचे चांगले यंत्र, गोदाम, करसल्लागार यांचा खर्च वाटून घेता येतो. जितोसारख्या संस्थांनी ठिकठिकाणच्या जैन उद्योजकांना एका व्यासपीठावर आणले आहे. तरीही ओळख म्हणजे पत नव्हे. आडनाव किंवा पंथ एक आहे म्हणून पहिल्याच व्यवहारात मोठी उधारी देऊ नये. लहान सौद्यापासून सुरुवात करावी आणि वेळेवर झालेल्या प्रत्येक फेडीने मर्यादा वाढवावी.

एक मर्यादा मात्र कधीही ओलांडता कामा नये. खर्च वाटून घेण्यासाठी जमलेले व्यापारी शेतकऱ्याला द्यायचा भाव आपसांत ठरवू लागले, तर ते सहकार्य राहत नाही, संगनमत होते. २००२ च्या स्पर्धा कायद्याचे तिसरे कलम असे करार निषिद्ध मानते. बाजार समित्यांमधून उघड लिलाव रूढ होण्यापूर्वी अनेक बाजारांत रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरत असे, आणि ज्याचा माल त्यालाच भाव कळत नसे. मोबाइलचा बंद गट हा नवा रुमाल होऊ नये. अस्तेय व्रताचा अर्थ दुकानात शोधायचा झाला तर तो येथे सापडतो.

किल्लारीने दिलेला धडा

दूर राहणाऱ्या माणसांनी एकत्र येऊन काय साधता येते, हे लातूर जिल्ह्याने सर्वांत कठीण प्रसंगी पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. त्यानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यात नेले. त्या काळी प्रत्येकाच्या खिशात फोन नव्हता. तरीही गावोगावची माणसे आणि पुण्यातील कार्यकर्ते एका कामासाठी जोडले गेले. सर्वस्व गमावलेल्या घरांनी शेकडो किलोमीटर दूर मुले पाठविली, त्यामागे मोठा विश्वास होता. आणि तो मदतीच्या पहिल्या आठवड्यापुरता नव्हे, मुले शिकून मोठी होईपर्यंत वर्षानुवर्षे सांभाळावा लागला. जाळ्याची खरी कसोटी अशी असते. नफ्याच्या हंगामात सगळेच जोडलेले राहतात. आपत्तीत कोण फोन उचलतो, यावरून संघाची ओळख पटते.

म्हणून दूरच्या संघाने वर्षातून दोनदा तरी समोरासमोर बसावे. दिवाळीच्या वहीपूजनाला सर्वांनी मुरुडच्या गादीवर यावे, वर्षाचा ताळेबंद एकत्र वाचावा, नातवंडांनी काटा आणि पोती डोळ्यांनी पाहावीत. मतभेद गटात सर्वांसमोर लिहू नयेत. ते फोनवर दोघांत बोलावेत आणि निर्णय तेवढा सर्वांना लिहून कळवावा. समाजाला तर संवत्सरी आणि क्षमावाणीची परंपरा लाभली आहे. वर्षभरात कोणाचा संदेश टोचला असेल, कोणाची वसुली लांबली असेल, तर त्या दिवशी सर्वांना एकच ठरलेला संदेश पाठवून मोकळे होऊ नये. ज्याच्याशी वांधा झाला त्याला फोन लावावा, आणि राहिलेला हिशेब त्याच दिवशी चुकता करावा.