बालवीर पथकाचा कारभार

हुगळीच्या गाळाने खारी दलदल बुजवून वसवलेल्या सॉल्ट लेकमध्ये, दोन अक्षरी नावांच्या वस्त्यांतून राखलेली मैदाने पाहिली म्हणजे बालवीर पथकाला येथे जागेची वाण नाही, हे ध्यानी येते. परंतु पथक उभे राहते ते जागेवर नव्हे, शिस्तीवर. ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झालेल्या भारत स्काउट्स आणि गाइड्स संस्थेच्या पद्धतीत सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्यांच्यातीलच एक संघनायक आणि पथकाच्या कामकाजाचा विचार करणारी संघनायकांची मानसभा, अशी रचना असते. प्रौढ शिक्षकाने रीतसर प्रशिक्षण घ्यावे, पथकाची नोंदणी करावी, शिबिरापूर्वी पालकांची लेखी संमती मिळवावी आणि जमाखर्च चोख ठेवावा. ‘खरी कमाई’ उपक्रमात मुले श्रमाने पैसा मिळवतात. म्हणून त्यातील पैन् पै पवित्र मानावी. जखमी हाताला झोळी बांधताना मुलाने मारलेली सपाट गाठ रुतत नाही आणि सुटतही नाही. शिस्तही तशीच असावी. पालकहो, केवळ मुले धाडू नका. आठवड्यातला एक तास आपणही द्या.