उलटं वाचायचं पुस्तक

इंग्लंडात लोटस कंपनीने १९५७ साली ‘सेव्हन’ नावाची चिमुकली दोन आसनी स्पोर्ट्स कार काढली. तयार गाडी घेतली तर त्या काळी तिच्यावर जबर कर लागे. सुटे भाग नेऊन घरी जोडली तर कर माफ. अट अशी, की भागांसोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. तेव्हा म्हणे कंपनीने गाडी ‘सुटी कशी करावी’ याच्या सूचना दिल्या! गिऱ्हाइकाने त्या शेवटून सुरुवातीकडे वाचायच्या आणि गाडी उभी करायची.

ही पळवाट देखणी खरीच, पण जगातली बहुतेक सर्व्हिस मॅन्युअलं आजही याच चालीने लिहिलेली असतात. भाग काढायची कृती पायरीपायरीने, चित्रांसकट. आणि बसवायची वेळ आली की बहुधा एकच ओळ, हेच उलट क्रमाने करा.

सेव्हनच्याच धाटणीची गाडी आपल्याकडे अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत तयार झाली. शमा आणि गिडो बोथे यांच्या चिंकारा मोटर्सची ‘रोडस्टर १.८ एस’. समजा, अशी एखादी गाडी तुम्ही जुनी विकत घेतलीत. तिचं मॅन्युअल शोधायचं कुठे? गाडीच्या नावाने शोधाल तर हाती फारसं काही लागणार नाही. बॉनेट उघडा. आत इसुझूचं १,८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन आहे. हेच इंजिन हिंदुस्थान मोटर्सने कॉन्टेसात घातलं, पुढे अ‍ॅम्बेसेडरमध्येही. आणि ते बनत होतं इंदूरजवळच्या पिथमपूरला. म्हणजे बुऱ्हाणपुरातल्या एखाद्या गॅरेजात म्हातारी कॉन्टेसा आली, तर मिस्त्रीला जे पुस्तक लागेल तेच अलिबागच्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनालाही लागेल!

आपल्याकडच्या स्पोर्ट्स कार बहुतेक अशाच. सॅन स्टॉर्ममध्ये रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन होतं. दिलीप छाब्रियांच्या डीसी अवंतीत रेनॉचंच दोन लिटरचं टर्बो. तेव्हा स्पोर्ट्स कारचं मॅन्युअल हुडकायचं तर आधी तिची सोयरीक काढावी लागते. इंजिन कुठल्या घरचं, गिअरबॉक्स कुणाकडून आला, ब्रेक कुणाचे, हे एकेक करून पाहायचं.

त्यासाठी कागद-पेन्सिल घेऊन गाडीजवळच बसावं. इंजिनावर कोरलेला नंबर उतरवून घ्या, चासी नंबरही घ्या. अलीकडच्या गाड्यांचा चासी नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण त्यांची एक आणि शून्याशी गल्लत होते. हे नंबर हवेत, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपनी मधूनच भाग बदलते आणि पुस्तक सांगतं, अमुक नंबरापर्यंत हा पंप, पुढे तो. मग पुस्तकं गोळा करायची. मालकासाठीचं पुस्तक तेल किती, हवा किती, फ्यूज कुठे हे सांगतं. वर्कशॉप मॅन्युअल खोलायचं-बसवायचं शिकवतं. पार्ट्स कॅटलॉगात प्रत्येक वॉशर हवेत सुटा तरंगताना दिसतो. काय कशावर बसतं हे त्या चित्रांइतकं स्पष्ट कुठेच कळत नाही. अजून चालू असलेल्या कंपन्यांकडून अशी माहिती मिळावी म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनंही आहेत.

कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल लिहिलेलं असतं प्रशिक्षित मेकॅनिकसाठी. सामान्य मालकासाठीचं मॅन्युअल काढलं ते जॉन हेन्सने. तो १९६५च्या सुमारास ब्रिटिश हवाई दलाच्या नोकरीत एडनला होता. सहकाऱ्याची ऑस्टिन-हिली स्प्राइट दुरुस्त करताना त्याला कळलं, की कंपनीचं पुस्तक सामान्य मालकाच्या कामाचं नाही. त्याने इंजिन खोलत-जोडत प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले. १९६६ साली त्याचं पहिलं मॅन्युअल निघालं, आणि तीन महिन्यांच्या आत ३,००० प्रती खपल्या. स्प्राइट ही स्पोर्ट्स कारच, बरं का!

आता मॅन्युअलातली एकच ओळ जवळून पाहू: सिलिंडर हेडचे बोल्ट आवळणे. शेजारी एक छोटं चित्र असतं, बोल्टांवर आकडे घातलेलं. एक नंबर मधोमध, पुढचे आलटून-पालटून कडेकडे. पहिल्या फेरीत थोडं, दुसरीत आणखी, शेवटी पूर्ण. सोडवताना उलट, कडेकडून मध्याकडे. एका टोकाकडून आवळत गेलं तर हेड वाकतं आणि गॅस्केट सारखी दबत नाही. समोर टॉर्कचा आकडा असतो. त्याचं एकक आधी वाचावं. ब्रिटिश पुस्तकातले ६० फूट-पौंड म्हणजे ८१ न्यूटन-मीटर. ते नुसते ६० न्यूटन-मीटर समजून आवळलं, तर बोल्ट सुमारे पाव हिश्शाने ढिला राहिला.

यापुढचं मला सगळ्यात अजब वाटतं. बोल्ट धरून ठेवतो तो किंचित ताणला गेल्यामुळे, स्प्रिंगसारखा. पण पान्यावर लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा या ताणाला मिळतो. बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. म्हणून आकड्याशेजारचे ‘कोरडे’ किंवा ‘तेल लावून’ हे शब्द आकड्याइतकेच मोलाचे. कोरड्यासाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या बोल्टवर वापरलात, तर घर्षण घटतं, वाचलेला जोर ताणात जातो आणि बोल्ट नको तितका खेचला जातो. आटे गेले की मग दोष पुस्तकाला!

मात्र सोयऱ्यांची पुस्तकं त्यांच्या-त्यांच्या भागांपुरतीच. कॉन्टेसाच्या पुस्तकातला हवेचा दाब हलक्याफुलक्या रोडस्टरला चालणार नाही; स्प्रिंगा, चाकांचे कोन, रेडिएटरमधलं पाणी, सगळं निराळं. ते मोजून, जपून, वहीत लिहून ठेवायचं काम मालकाचं. गाडी विकताना ती वही किल्लीबरोबर द्यावी. पुढच्याला ती छापील पुस्तकांहून आधी लागेल.