डब्लिनचा किल्ला

किल्ला म्हटला की आपल्याला कडा हवा, बुरूज हवा आणि छातीचा भाता करणारी चढण तर हवीच हवी. आयर्लंडच्या राजधानीतल्या या किल्ल्यात चढण म्हणून नाही. डेम स्ट्रीटच्या रहदारीतून वळून एका कमानीखालून गेले की आपण फरसबंद चौकात येतो. भोवती लाल विटांच्या नीटनेटक्या इमारती, जणू एखादे जुने सचिवालयच! आमच्या ‘ह्यां’नी चौकात चहूकडे नजर फिरवून मला हळूच विचारले, “अगं, पण किल्ला कुठाय?”

प्रश्न रास्त होता. १२०४ मध्ये इंग्लंडच्या जॉन राजाने हा किल्ला बांधण्याचा हुकूम दिला खरा, पण १६८४ च्या आगीत त्याचा बराच भाग गेला आणि पुढे त्या जागी राजप्रतिनिधीचा वाडा नि कचेऱ्या उभ्या राहिल्या. जुन्यापैकी एक जाडजूड गोल बुरूज मात्र अजून शाबूत आहे. या किल्ल्याच्या तुरुंगातून १५९२ च्या जानेवारीत ह्यू रो ओ’डॉनेल हा विशीही न गाठलेला सरदारपुत्र निसटला. आग्र्याची सुटका ऐकत वाढलेल्या आपल्या मनाला ही गोष्ट लगेच भिडते. पण याच्या वाट्याला पेटारे नव्हते, बर्फाने झाकलेले विकलोचे डोंगर होते. बरोबरचा आर्ट ओ’नील थंडीने वाटेतच गेला आणि ह्यूच्या पायांचे अंगठे हिमाने गमावले.

सरकारी कारभाराची एक मौज सांगायलाच हवी. राजचिन्हांची रत्नजडित आभूषणे ठेवण्यासाठी येथे १९०३ मध्ये खास कोठी बांधली. पण तिजोरी कोठीच्या दारातून आत जाईना! ती बाहेर ग्रंथालयातच राहिली आणि १९०७ च्या जुलैत, सातवा एडवर्ड यायच्या तोंडावर, आतले दागिने नाहीसे झाल्याचे उघडकीस आले. पोलिसांची मुख्य कचेरी याच आवारात! ते दागिने आजवर सापडलेले नाहीत.

दिवाणखान्यांची झुंबरे, गालिचे, सोनेरी महिरपी मी भराभर पाहून घेतल्या. पाय अडले ते एका खोलीशी. पहिल्या महायुद्धात या दालनांत जखमी सैनिकांचे इस्पितळ होते. २४ एप्रिल १९१६ ला डब्लिनमध्ये बंड झाले आणि त्याचा एक पुढारी जेम्स कॉनली घायाळ होऊन येथे आला. ज्या सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले, तिच्याच घरात त्याच्यावर उपचार झाले. १२ मे रोजी त्याला किलमेनहॅमच्या तुरुंगात नेले. उभे राहवत नव्हते, म्हणून खुर्चीवर बसवून गोळ्या घातल्या. जखमेवर औषध लावायचे ते यासाठी? त्या खोलीत आम्ही दोघेही काही बोललो नाही. त्याच एप्रिलात इकडे बेळगावला लोकमान्यांची होमरूल लीग स्थापन होत होती. ‘होमरूल’ हा शब्दही आपण आयर्लंडकडूनच घेतलेला.

१६ जानेवारी १९२२ रोजी हा किल्ला मायकेल कॉलिन्सच्या स्वाधीन झाला. त्याला यायला सात मिनिटे उशीर झाल्याची कुरकुर झाली, तेव्हा आम्ही सातशे वर्षे वाट पाहिली आहे, असे तो म्हणाल्याची कथा आहे. खरी असो वा नसो, डब्लिनकर ती सोडायला तयार नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यादवी युद्धात तो मारला गेला, अवघ्या एकतिसाव्या वर्षी.

एवढ्या कडू आठवणींचे घर पाडून टाकावे, असे कोणाला वाटले असते तर नवल नव्हते. त्यांनी ते ठेवले, आणि मला ते फार आवडले. जेथे राजप्रतिनिधींचे समारंभ झडत, त्याच सेंट पॅट्रिक सभागृहात १९३८ पासून आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष शपथ घेत आले आहेत.

निघताना फाटकावरच्या न्यायदेवतेकडे अवश्य पाहा. तिचे तोंड किल्ल्याकडे आणि पाठ शहराकडे आहे. यावरून डब्लिनकरांनी पिढ्यानपिढ्या टोमणे मारले. शिवाय पावसाचे पाणी साचून तिचा तराजू एका बाजूला झुके. अखेर पारड्यांना भोके पाडली, म्हणजे पाणी निथळून जावे. देवतेचे तोंड मात्र कोणी फिरवलेले नाही.