विकी: एका लहान आज्ञावलीचा तीस वर्षांचा मागोवा

वाचणाऱ्यालाच पान बदलण्याची मुभा देणारे, आणि पानापानांमधील दुवे लिहिण्याच्या ओघातच तयार होऊ देणारे संकेतस्थळ म्हणजे विकी. अशा संकेतस्थळामागे असणारी आशय-व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे मजकूर साठवणे, दाखवणे आणि बदलू देणे ही कामे करणारी आज्ञावली, गेल्या तीस वर्षांत हौशी प्रोग्रॅमरांनी पुन्हापुन्हा नव्याने लिहिली आहे. तयार आणि मोफत आज्ञावल्या उपलब्ध असतानाही हे घडत राहिले, याचे कारण शेदीडशे ओळींत काहीतरी खरोखर चालणारे उभे राहते, असे सामान्यतः दिले जाते. ते खोटे नाही. परंतु या काळाकडे मागे वळून पाहिले असता असे दिसते की विकीचा हा आटोपशीरपणा मुख्यतः आज्ञावलीच्या रचनेतून आलेला नव्हता, तर ती वापरणारी माणसे मोजकी आणि परस्परांना ओळखणारी होती यातून आलेला होता, आणि तो गट वाढला किंवा त्याची भाषा बदलली की वगळलेली प्रत्येक गोष्ट एकेक करून परत आली.

अमेरिकेतील ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथील प्रोग्रॅमर वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिली विकी खुली केली. संगणकलेखनात वारंवार उपयोगी पडणाऱ्या रचनांची टिपणे एकत्र करणे एवढाच तिचा हेतू होता. तिच्यामागे अॅपलच्या हायपरकार्ड या प्रणालीत त्यांनी आधी केलेला एक प्रयोग होता, ज्यात अस्तित्वात नसलेल्या कार्डाचे नाव लिहिले तरी तेथून ते कार्ड तयार करता येत असे. पर्ल भाषेत लिहिलेली विकीची आज्ञावली सीजीआय या पद्धतीने चालत असे, म्हणजे वाचकाने पान मागितले की सर्व्हर ती आज्ञावली नव्याने सुरू करी, ती पान तयार करून देई आणि संपून जाई. मजकुराच्या साठवणीसाठी डीबीएम ही साधी सोय पुरेशी ठरली. तिच्यात पानाचे नाव ही किल्ली आणि पानाचा मजकूर हे त्या किल्लीने उघडणारे मूल्य, यापलीकडे काही नसते. प्रवेशनाव नव्हते, परवलीचा शब्द नव्हता. त्यांच्या जागी ‘अलीकडील बदल’ दाखवणारे एक पान होते, आणि ते नेमाने वाचणारी माणसे हीच त्या विकीची सुरक्षा-व्यवस्था होती.

या आज्ञावलीचा गाभा दाखवा, बदला आणि साठवा या तीन क्रियांचा आहे, आणि त्यांतील अवघड भाग पहिलीत दडलेला असतो. लेखकाने साध्या खुणांनी लिहिलेल्या मजकुराचे ब्राउझरला समजणाऱ्या एचटीएमएलमध्ये रूपांतर करताना बदलांचा क्रम चुकवून चालत नाही. मजकुरातील कोनी कंस आणि ‘अँड’चे चिन्ह सर्वप्रथम निष्प्रभ करावे लागतात, कारण ते राहून गेले तर कोणीही पानात स्वतःची आज्ञावली घुसवून इतर वाचकांच्या ब्राउझरमध्ये ती चालवू शकतो, आणि हेच काम शेवटी केले तर आपणच घातलेल्या ठळक अक्षरांच्या खुणाही निष्प्रभ होतात. याद्यांमधील उपयाद्या आल्या की एकेका ओळीपुरते पाहणारी पद्धत अपुरी पडते, कारण आज्ञावलीला मागील ओळीची पातळी लक्षात ठेवावी लागते. बहुतेक घरगुती विकींचे लेखन येथेच प्रथम अडते, आणि हौशी प्रोग्रॅमरला भाषाविश्लेषणाची, म्हणजे मजकुराची रचना पायरीपायरीने ओळखण्याच्या शास्त्राची, ओळखही बहुधा येथेच होते.

कनिंगहॅम यांच्या कल्पनेवरून लवकरच एक वंशवेल वाढली. पीटर मेरेल यांची सीव्हीविकी, तिच्यावरून मार्कुस डेंकर यांची अॅटिसविकी आणि तिच्यावरून क्लिफर्ड अॅडम्स यांची यूझमॉडविकी अशी ती एक शाखा. २००० साली युर्गेन हेर्मान यांनी पायथन भाषेत सुरू केलेली मॉइनमॉइन ही दुसरी. पर्लच्या मोजक्या ओळींत सर्वांत लहान विकी कोण लिहितो अशी चुरसही कनिंगहॅम यांच्या विकीवरच रंगली, जिला व्यावहारिक उपयोग फारसा नव्हता, पण या छंदाच्या वृत्तीचे ते नेमके दर्शन होते.

१५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला तो यूझमॉडविकीवर. ही आज्ञावली प्रत्येक पान साध्या फायलीत ठेवी आणि पानांच्या जुन्या आवृत्त्या मूळ मांडणीनुसार चौदा दिवसांनंतर काढून टाकी. चुकीचा बदल मागे घेण्यासाठी दोन आठवडे पुरेत, हा हिशेब परिचितांच्या गटासाठी योग्यच होता. कोणते वाक्य कोणी केव्हा लिहिले याची नोंद पुढे इतिहासाचे साधन ठरेल, असे मानण्याचे कारण तेव्हा नव्हते. परिणामी विकिपीडियाची आरंभीची बरीच संपादने नष्ट झाली असे दीर्घकाळ समजले जात होते, आणि विकिपीडियाच्या आज्ञावलीवर काम करणारे टिम स्टार्लिंग यांना डिसेंबर २०१० मध्ये जुन्या नोंदींच्या फायली सापडल्या तेव्हा कुठे त्यांचा मोठा भाग हाती आला. आवृत्त्या जपणे ही आज विकीची ओळख मानली जाते; तिच्या जन्मावेळी मात्र ती नव्हती, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

फायलींवर चालणारी ही व्यवस्था वाढत्या वापराखाली वाकू लागल्यावर कोलोन विद्यापीठातील विद्यार्थी माग्नुस मान्स्के यांनी पीएचपी भाषेत आणि मायएसक्यूएल या डेटाबेसच्या आधारे नवी आज्ञावली लिहिली, जी २५ जानेवारी २००२ रोजी विकिपीडियावर बसवण्यात आली. तीही काही महिन्यांत मंदावली, आणि ली डॅनियल क्रॉकर यांनी पुनर्लेखन केलेली आवृत्ती त्याच वर्षीच्या जुलैमध्ये आली. पुढे मीडियाविकी या नावाने ओळखली गेलेली प्रणाली ती हीच. या टप्प्यापासून विकीचे दोन प्रवाह झाले असे म्हणणे योग्य ठरेल, कारण मीडियाविकीचा पुढचा इतिहास हा प्रचंड भार पेलण्याचा इतिहास आहे, तर हौशी प्रोग्रॅमरांनी, काहीसे हट्टाने, लहान राहण्याचाच मार्ग निवडला.

त्या हट्टाचे उत्तम फळ २००४ साली दिसले. आंड्रेआस गोर यांच्या डोकूविकीने डेटाबेस टाळून मजकूर पुन्हा साध्या फायलींत ठेवला, ज्यामुळे विकी बंद पडली तरी पाने कोणत्याही संपादकात उघडून वाचता येतात. जेरेमी रस्टन यांची त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील टिडलीविकी त्याहून टोकाची होती, कारण तिच्यात आज्ञावली आणि मजकूर मिळून एकच एचटीएमएल फाइल असते आणि सर्व्हरची गरजच उरत नाही. अर्थात अवलंबित्व संपले नाही, त्याने केवळ जागा बदलली. ब्राउझरांनी सुरक्षेसाठी पानाला स्वतःची फाइल लिहिण्याची मुभा क्रमाने काढून घेतली, आणि २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये फायरफॉक्सच्या ५७ व्या आवृत्तीने, फाइल जतन करण्यासाठी ज्यांचा आधार घेतला जाई ती जुनी विस्तारके बंद केली तेव्हा अनेकांना आपली टिडलीविकी जतन करण्याची नवी वाट शोधावी लागली.

एकाच वेळी दोघांनी एकच पान बदलायला घेतले तर काय करावे, या प्रश्नाची उत्तरेही दोन घडणींची आहेत. डोकूविकी पान बदलण्यासाठी उघडणाऱ्याला ठरावीक काळ, मूळ मांडणीत पंधरा मिनिटे, त्याचा ताबा देते. मीडियाविकी कोणालाच अडवत नाही, तर साठवताना संपादकाने कोणत्या आवृत्तीपासून आरंभ केला होता ते तपासते आणि दोन्ही बदल वेगवेगळ्या ठिकाणचे असतील तर ते जुळवते. एकट्याने वापरायच्या विकीत हा प्रश्नच उद्भवत नाही. गट जसजसा वाढतो तसतशी आज्ञावली किती जाड होत जाते, हे मोजायचे झाल्यास याहून चांगली फूटपट्टी सापडणे कठीण आहे.

दुव्यांच्या बाबतीत मूळ कल्पनेची मर्यादा वेगळ्याच बाजूने उघड झाली. कनिंगहॅम यांच्या विकीत दोन किंवा अधिक शब्द जागा न सोडता, प्रत्येकाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत ठेवून लिहिले की तो आपोआप दुवा बनत असे. या युक्तीमुळे वेगळ्या खुणेची गरज पडत नसे; मात्र ती रोमनसारख्या लहान-मोठी अक्षरे असणाऱ्या लिपीपुरतीच होती. देवनागरीत असा भेदच नसल्याने तिच्यात मराठी दुवा लिहिणे तत्त्वतःच अशक्य होते. २००१ च्या आरंभी यूझमॉडविकीत दुहेरी चौकटी कंसांचे दुवे आले ते इंग्रजी शीर्षके नैसर्गिक रीतीने लिहिता यावीत म्हणून, पण त्याच सोयीने इतर लिप्यांचाही मार्ग मोकळा झाला, आणि १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तेव्हा हा अडसर उरलेला नव्हता.

तरीही घरी लिहिलेल्या विकीत मराठी शीर्षक आले की नवे प्रश्न उभे राहतात. ‘महाराष्ट्र’ या नावात युनिकोडच्या हिशेबाने काना, हलन्त यांसह दहा संकेतांक आहेत. यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट लागत असल्याने हे नाव ३० बाइटांचे होते, आणि वेबपत्त्यासाठी प्रत्येक बाइट टक्के-चिन्ह व दोन अंक-अक्षरांत लिहिला की तेच ९० चिन्हांवर जाते. फायलींची नावे अशाच रूपात ठेवणाऱ्या प्रणालीत, लिनक्सवरील २५५ बाइटांच्या मर्यादेमुळे, सुमारे अठ्ठावीस संकेतांकांपलीकडचे शीर्षक बसत नाही. त्याहून फसवा प्रश्न ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांचा आहे. त्यातील अर्धा र ‘ऱ’ हा एक संकेतांक आणि हलन्त यांनी, र, नुक्ता आणि हलन्त यांनी, किंवा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक यांनी लिहिता येतो. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती तीन वेगळी पाने होतात. युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे समतुल्य रूपांचे एकच रूप करण्याची ठरावीक प्रक्रिया, पहिली दोन एकत्र आणते. तिसऱ्याची सोय प्रोग्रॅमरला स्वतः करावी लागते.

खुलेपणाचा शेवट मात्र लिपीने नव्हे, तर जाहिरातखोरांनी घडवला. शोधयंत्रे दुव्यांच्या संख्येवरून संकेतस्थळाचे महत्त्व ठरवू लागल्यावर कोणालाही लिहू देणाऱ्या विकी हे फुकट दुवे पेरण्याचे शेत बनले. जानेवारी २००५ मध्ये गूगलने दुव्याला महत्त्व न देण्याची खूण जाहीर केली, पण स्वयंचलित आज्ञावल्या ती खूण पाहण्याच्या भानगडीत न पडता पाने भरतच राहिल्या, आणि लहान विकींना प्रवेशनावे, बंदी-याद्या, चित्रकोडी यांचा आधार घ्यावा लागला. दहा माणसांच्या विकीला रात्रीतून शेकडो बनावट बदल निस्तरणे शक्य नसते. कनिंगहॅम यांची मूळ विकीही २०१४-१५ च्या सुमारास केवळ वाचनापुरती उरली. त्यापूर्वीच, २०११ मध्ये, प्रत्येकाने आपली प्रत आपल्याकडे ठेवावी आणि इतरांची पाने हवी तर उतरवून घ्यावीत अशी संघीय विकी लिहिण्यास त्यांनी आरंभ केला होता.

वेगवेगळ्या विकींच्या लेखनखुणांच्या एकीकरणाचा प्रयत्न थोडक्यात आटोपला: विकीक्रिओल या सामाईक पद्धतीची पहिली पूर्ण आवृत्ती २००७ साली आली, पण जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मांडलेली मार्कडाउन पद्धत विकीबाहेरच्या जगात रुळल्यामुळे हौशी विकींनीही तीच उचलली. इतिहास राखण्याचे कामही असेच बाहेर गेले. जोई हेस यांची २००६ ची इकीविकी आणि नंतर गिटहबची गॉलम यांनी आवृत्त्या सांभाळण्यासाठी गिटसारख्या, मुळात संगणकलेखनाच्या मसुद्यांसाठी बनलेल्या, साधनांचा वापर केला, आणि यूझमॉडविकीने चौदा दिवसांनी पुसलेला इतिहास आता कायमचा, जवळजवळ फुकट, मिळू लागला.

आज विकी अनेकांना प्रथम भेटते ती शिकवणीतील पाठ म्हणून. गो भाषेच्या अधिकृत मार्गदर्शिकेत वेब-आज्ञावली शिकवण्यासाठी लहानशी विकीच लिहून घेतली आहे, जिच्यात शीर्षक आणि मजकूर अशी दोन अंगे असलेले पान साध्या फायलीत साठवले जाते. पत्त्यातून आलेले शीर्षक तसेच फाइलनाव म्हणून वापरले तर एखादा खोडसाळ वाचक सर्व्हरवरील भलत्याच फायली उघडू शकेल, म्हणून तेथे शीर्षकात केवळ रोमन अक्षरे आणि अंक चालतील अशी अट घातली आहे. सुरक्षेच्या दृष्टीने ती रास्त आहे. मराठी पानांसाठी मात्र ती सैल करावी लागते. ‘कोणत्याही लिपीतील अक्षर’ हा युनिकोडचा वर्ग त्या अटीत जोडला तर ‘घर’ हे शीर्षक स्वीकारले जाते आणि ‘पुणे’ नाकारले जाते, कारण युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांट्या आणि हलन्त हे अक्षरांच्या नव्हे, तर जोडचिन्हांच्या वर्गात येतात. तो वर्गही जोडला की ‘पुणे’ आत येते. शून्य रुंदीचा जोडक त्याही वर्गात नसल्याने त्याच्यासाठी तिसरी तरतूद करावी लागते, किंवा शीर्षक तपासण्यापूर्वीच जोडकाने लिहिलेल्या अर्ध्या र-च्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घालून घ्यावे लागतात. आणि यांतील दुसरा मार्ग अधिक चांगला, कारण त्याने एकाच नावाची दोन पाने होण्याचे टळते.