तळ्याची पहाटेची ओहोटी : हस्त ते स्वाती, गोड्या पाण्यातली मासेमारी

वरोरमध्ये उभं राहून माशांवर बोलायचं, म्हणजे आमच्या धाडसाला दादच द्यायला हवी. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी आमच्यापेक्षा जास्त मासे नुसते नजरेने तोलले असतील. (हशा) म्हणून समुद्राला आम्ही आज हात लावणार नाही. आज बोलायचंय ते रेल्वेच्या पलीकडच्या पाण्याबद्दल : आशागड, गंजाड, कासा या बाजूची तळी, शेततळी, पाझर तलाव. आणि दिवसही ठरावीक घेतलेत, पाऊस ओसरू लागतो तेव्हाचे. हस्त, चित्रा आणि स्वाती. म्हणजे साधारण सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत.

हेच दिवस का? कारण वर्षातले सगळ्यात जास्त मासे याच दिवसांत हाती लागतात आणि तळ्यातले मासे एका रात्रीत मरतात तेही बरेचदा याच दिवसांत. या दोन्ही गोष्टींचं कारण एकच आहे. ते कळलं नाही तर काय होतं, ते आम्ही स्वतः चुकून शिकलो. तो किस्सा पुढे येईलच.

आधी थोडं शास्त्र. थंड देशांतल्या मासेमारीच्या पुस्तकांत उन्हाळा संपून पानगळ सुरू होतानाच्या दिवसांवर स्वतंत्र प्रकरण असतं. तिकडची खोल सरोवरं उन्हाळ्यात थरांची होतात. वर कोमट, हलकं पाणी, खाली गार, जड पाणी, आणि मध्ये एक पट्टा, जिथे तापमान झपाट्याने उतरतं. हे थर एकमेकांत मिसळत नाहीत. मग हवा गार होते, वरचं पाणी थंड होऊन जड होतं, खाली बसतं, वारा ढवळतो आणि एक दिवस अख्खं सरोवर उलटतं. मासे ठरलेली जागा सोडून विखुरतात आणि गळ टाकणारे वैतागतात.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे तेवढी थंडी? बरोबर आहे. पण गंमत अशी, की थर पडायला थंडी लागत नाही, तापमानातला फरक लागतो. आणि कोमट पाण्यात थोडासा फरकही पुरतो. पाणी ५ अंशांवरून १० अंशांवर गेलं तर ते जितकं हलकं होतं, त्याच्या जवळजवळ पाचपट हलकं ते २५ वरून ३० वर जाताना होतं. दोन्हीकडे फरक पाचच अंशांचा. म्हणून आपल्या दोन-तीन मीटर खोल तळ्यातसुद्धा ऑक्टोबर हीटच्या बिनवाऱ्याच्या दुपारी थर पडतात. पोहणाऱ्या पोरांना हे ठाऊक असतं : छातीपर्यंत पाणी कोमट, आणि पाय सोडले की खाली गारेगार.

त्या गार थरात काय असतं? पावसाने वाहून आणलेला पालापाचोळा, शेण, बांधावरचं गवत. भाद्रपदात गौरी-गणपतीचं निर्माल्यही तिथेच जातं. हे सगळं तळाशी कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. वरून नवा प्राणवायू येत नाही, कारण थर मिसळत नाहीत. तळाचा चिखल काठीने ढवळला तर सडक्या अंड्यांसारखा वास येतो, तो याचाच.

आता समुद्राकडे एकदाच वळतो. तुम्हाला भरती-ओहोटी तोंडपाठ आहे. अष्टमी आली की भांग, पुनव-अवसेला उधाण. तळ्यालाही भरती-ओहोटी असते, फक्त ती पाण्याची नाही, प्राणवायूची. दिवसा उन्हात पाण्यातलं हिरवं शेवाळ, अगदी डोळ्यांना न दिसणारंसुद्धा, प्राणवायू सोडतं. दुपारी तीन-चारला भरती पूर्ण. सूर्य मावळला की हे काम बंद, पण श्वास सगळ्यांचाच चालू : मासे, किडे, चिखलातले जिवाणू आणि ते शेवाळही. रात्रभर पातळी उतरत जाते आणि पहाटे, उजाडायच्या जरा आधी, ओहोटी तळ गाठते. ही रोज होते. तिला तिथी लागत नाही.

मुळात पाण्यात प्राणवायू असतो तरी किती? ३० अंशांच्या एक लिटर पाण्यात, काठोकाठ भरला तरी, साधारण साडेसात मिलिग्रॅम. एक लिटर हवेत असतो जवळपास २७० मिलिग्रॅम. म्हणजे आपण श्रीमंतीत श्वास घेतो आणि मासा कायम हातातोंडाशी गाठ घालत जगतो. रोहू-कटल्यासारखे मासे दोन-तीन मिलिग्रॅमच्या खाली घाबरे होतात. वर येतात, तोंड पाण्याच्या कडेला लावून चूळ भरल्यासारखं करतात.

परतीच्या पावसात काय होतं ते आता सांगतो. चार दिवस कडक ऊन, तळं थरांनी बांधलेलं. मग एका दुपारी पूर्वेकडून काळं येतं, कडकडाट, सोसाट्याचा वारा आणि गार पाऊस. वरचं पाणी अर्ध्या तासात थंड होतं, खाली जातं, आणि तळाचं कुजकं पाणी वर येतं. तळं उलटलं! सगळ्या तळ्यातला प्राणवायू एकदम वाटला जातो आणि तळाची घाण त्यातला मोठा वाटा उचलते. त्यात दुसऱ्या दिवशी ढग राहिले, ऊन पडलंच नाही, तर भरती येतच नाही. मग पुढची पहाट माशांना निभत नाही.

आता आमची चूक. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, गावाचं नाव घेत नाही. हस्ताचा पाऊस होऊन गेला होता, वर दोन दिवस आभाळ. सकाळी निरोप आला की तळ्यातले मासे पालथे पडलेत. आम्ही गेलो. चांगले दोन-तीन किलोचे कटले पांढरी पोटं वर करून तरंगत होते. ते तळं त्या वर्षी एका पाड्याच्या लोकांनी मासे सोडायला घेतलं होतं. शेजारच्या पाड्यालाही ते हवं होतं. संशय कुठे गेला, हे सांगायला नको. "विष टाकलं." आम्हाला विचारलं, आम्ही शिकलेली माणसं. आम्ही मान डोलावली. पाण्याचा नमुना घेतला नाही, काही मोजलं नाही, फक्त मान डोलावली. त्यानंतर त्या दोन पाड्यांचं बोलणं तुटलं. लग्नाची आमंत्रणं थांबली. शेजारच्या पाड्यातल्या पोरांना त्या काठावर गळ घेऊन बसू दिलं नाही, हे दोन वर्षं चाललं.

त्याच सकाळी काठावर एक म्हातारी बसली होती. ती म्हणत होती, मरळ तर जिवंत आहे, मग विष कसलं? कुणी लक्ष दिलं नाही, आम्हीसुद्धा नाही. तिचा प्रश्न किती नेमका होता, हे आम्हाला पुस्तकं उघडल्यावर कळलं.

मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, तिच्यात ती थेट हवा घेते. शिंगीच्या पाठीत हवेच्या लांब पिशव्या असतात. हे मासे पाण्यातल्या प्राणवायूवर पूर्ण विसंबून नसतात, म्हणून तळं गुदमरलं तरी ते टिकतात. कटला, रोहू, मृगळ यांना ती सोय नाही. त्यातही मोठे मासे आधी जातात, कारण त्यांची गरज मोठी. बोटाएवढी पिल्लं काठाच्या उथळ पाण्यात तग धरतात. कीटकनाशक तळ्यात उतरलं तर चित्र बहुधा उलटं दिसतं : लहान मासे आधी, त्यांच्याबरोबर पाण्यातले किडे आणि झिंगे, आणि वेळ कुठलीही, भर दुपारीसुद्धा. आमच्या त्या तळ्यावर मोठे मेले होते, पिल्लं होती, बेडूक होते, मरळ होती, आणि सगळं पहाटे घडलं होतं. पाणी हिरव्याचं तपकिरी झालं होतं. सगळ्या खुणा समोर होत्या.

नंतर आम्ही परत गेलो, दोन्ही पाड्यांना एकत्र बसवून हे सांगितलं. काहींनी ऐकलं. काहींनी विचारलं, मग तेव्हा का नाही बोललात? याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

तरी एका खुणेवर निकाल देऊ नका, ना इकडे ना तिकडे. विष टाकून मासे मारणारेही आहेतच. १८९७ च्या भारतीय मासेमारी कायद्यापासून पाण्यात विष टाकणं आणि स्फोटकं उडवणं हा गुन्हा आहे. मासे मेले तर आधी वेळ लिहून ठेवा, आदल्या दोन दिवसांचं आभाळ लिहून ठेवा, कुठले मेले आणि कुठले जगले ते लिहा. स्वच्छ बाटलीत पाणी भरून बर्फात ठेवा. वरोरला बर्फाची काय कमतरता! मग बोट दाखवा.

बरं, मासे धरायचे कधी आणि कसे? पहाटे मासे वर आले की लोकांना वाटतं, आज तळं उदार झालंय. पाग घेऊन धावतात. पण तो मासा चरायला आलेला नसतो, तो धापा टाकतोय. गळाला तो तोंडही लावत नाही. पागात सापडतो, हे खरं. पण त्या वेळी तळ्यात उतरून चिखल ढवळलात, तर उरलेल्यांचा आणखी घात. अशा पहाटे पहिलं काम पाणी हलवायचं. शेताचा पंप लावा आणि तेच पाणी उंचावरून परत तळ्यात पाडा. पंप नसेल तर वरच्या वर बांबूने पाणी झोडपा. त्या दिवशी शेण, कोंडा, पेंड काही टाकू नका. ऊन वर आलं की मासे खाली जातात, मग निवांत चहा प्या.

गळ टाकणाऱ्यांनी या महिन्यात घड्याळ बदलायला हवं. मे महिन्यात आपण उजाडता बसतो, कारण नंतर ऊन सोसत नाही. हस्त-चित्रात सकाळी नऊनंतर आणि दुपार कलताना बसून बघा. भरती चढती असते, मासा खायच्या मनःस्थितीत असतो. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. पण तळाला प्राणवायू नसेल तर मृगळही वर सरकतो. म्हणून गळ चिखलावर टेकवून बसलात आणि काही लागलं नाही, तर गांडूळ बदलू नका, खोली बदला. कमरेएवढ्या पाण्यात आणा. वाऱ्याने ज्या काठावर लाटा आपटतात तो काठ धरा, तिथे पाणी ढवळलेलं असतं. स्वाती लागली, रात्री गार झाल्या, पाणी निवळलं की थर फारसे टिकत नाहीत. मग मासे पुन्हा खोलात मिळतात आणि हिवाळ्याआधी भरपूर खातात. आमच्या मते वर्षातले सगळ्यात चांगले पंधरा दिवस तेच. पुढे थंडी वाढली की रोहू-कटल्याची भूक मंदावते.

मरळ मात्र वेगळी. ती हवा घ्यायला वर येते, पाण्यावर वर्तुळ उमटतं, की लगेच बेडकी टाकायची, हे इथल्या पोरांना शिकवायला नको. फक्त एक विनंती. पावसाळ्यात कुठे लालसर-केशरी पिल्लांचा पुंजका एकत्र हलताना दिसला, तर त्याच्याखाली त्यांचे आईबाप पहाऱ्याला असतात. मरळ त्या वेळी जवळ आलेल्या कशावरही झडप घालते, म्हणून धरायला सोपी. ती काढलीत की तासाभरात पिल्लं बाकीचे मासे फस्त करतात. डोंगरातल्या ओहोळात तिची छोटी भावंडं असतात, त्यांच्यात नर अंडी तोंडात घेऊन फिरतो. तो तर खातही नाही त्या दिवसांत.

तळी ज्यांनी मासे सोडायला घेतलीत त्यांच्यासाठी : सगळे मासे दिवाळीला एकदम काढायचे म्हणून थांबू नका. घटस्थापनेच्या सुमारास थोडे मोठे काढा. पाणी अजून भरलेलं असतं म्हणून आपल्याला वाटतं जागा भरपूर आहे, पण जागा पाण्याने ठरत नाही, पहाटेच्या प्राणवायूने ठरते. मोठे थोडे कमी झाले की उरलेल्यांची रात्र निभते. बाजाराचंही गणित जमतं, कारण दिवाळीला सगळ्यांचेच मासे एकदम येतात आणि भाव पडतो.

जिव्या सोमा मशे यांचं नाव इथे कुणाला सांगायला नको, आपल्या गंजाडचे. त्यांच्या चित्रांत मासेमारीचं जाळं किती वेळा येतं! पुढच्या वेळी ते चित्र बघाल तेव्हा माणूस कुठे उभा आहे ते बघा.

शेवटी एक प्रश्न आलाय चिठ्ठीवर : धामणी धरणातही असंच होतं का? धामणी खोल आहे, तिथे थर रोजचे नसतात, ऋतूचे असतात, आणि पाणी एवढं मोठं की एका वादळाने सगळं उलटत नाही. तिथल्या माशांना दुसरीकडे जायला जागा असते. आपल्या तळ्यातल्या माशाला नसते. दुसरा प्रश्न : मोजायला यंत्र लागतं का? प्राणवायू मोजायचा संच मिळतो, पण सुरुवातीला साधा थर्मामीटर दोरीला बांधून दुपारी वर आणि तळाशी सोडा. तळाचा वर ओढेपर्यंत आकडा बदलतो, म्हणून तो झाकणाच्या बाटलीत बसवा, तळाचं पाणी बाटलीत भरू द्या आणि मग ओढा. दोन्ही आकड्यांत तीन-चार अंशांचा फरक दिसला आणि पूर्वेला ढग असले, तर त्या रात्री पंप तयार ठेवा.

उद्या पहाटे साडेपाचला आम्ही आशागडच्या बाजूला एका तळ्यावर जाणार आहोत. यायचं असेल त्यांनी टॉर्च आणा, जाळं आणू नका.