जुन्या घराची मोठी दुरुस्ती

‘घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्यानें नवें घर बांधलें असावें. जुनें घर दुरुस्त करण्याचा प्रसंग त्याच्यावर आला असता, तर म्हणीला तिसरा चरण जोडल्यावांचून तो राहता ना. नव्या घरांत काय असावें हें आपण ठरवितों; जुन्या घरांत काय आहे हें मात्र गिलावा फोडल्यावांचून कळत नाहीं, आणि कळतें तेव्हां गांठीचे निम्मे पैसे बहुधा संपलेले असतात. कोंकणांतील ओटी, माजघर, पडवी व कौलारू छप्पर असलेलीं कित्येक वडिलोपार्जित घरें आज अशा मोठ्या दुरुस्तीस आलेलीं आहेत. धाकटी पिढी मुंबईस, वडील मंडळी गांवीं, आणि निवृत्तीच्या वेळीं मिळालेली पुंजी बँकेंत, अशी स्थिति असतांना हें काम निघतें. तें कसें योजावें याविषयीं येथें लिहीत आहें.

पहिला प्रश्न रंगाचा नव्हे, फरशीचाही नव्हे. घराचा भार कोणाच्या शिरावर आहे, हा पहिला प्रश्न. कोंकणांतील घरांत कौलांचा भार रिपांवर, रिपांचा वाशांवर, आणि वाशांचा आढ्यावर व चिऱ्यांच्या भिंतींवर येतो. देशावरील जुन्या वाड्यांत खांब व तुळया मिळून लांकडाचा सांगाडा झालेला असतो, आणि मधली भिंत पुष्कळदां केवळ आडोसा असते. म्हणून ‘ही भिंत काढून दोन खोल्यांची एक करा’ ही एकच मागणी एका घरांत निर्धोक, तर दुसऱ्या घरांत जीवघेणी ठरूं शकते. लांकूड तपासण्याची रीत सोपी आहे. हातोडीच्या दांड्यानें ठोकीत जावें. निकोप लांकूड खणखणीत बोलतें, वाळवीनें पोखरलेलें भद्द वाजतें. तुळईचें जें टोंक भिंतींत गाडलेलें असतें तेंच ओल धरून प्रथम कुजतें. मधला भाग पाहून समाधान मानूं नये. टोंकापाशीं टोंचा घालून पहावा.

भार न पाहतां केलेल्या दुरुस्त्या केवढ्या थरास जातात हें अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या घरानें जगास दाखविलें आहे. वॉशिंग्टन येथील ‘व्हाइट हाउस’ची कोनशिला १७९२ सालीं बसविण्यांत आली. १८१४ सालीं ब्रिटिश सैन्यानें तें जाळलें, व उरलेल्या भिंतींच्या आधारें तें पुन्हां उभें राहिलें. पुढें शंभरांहून अधिक वर्षें ज्याला जें सुचलें तें त्यानें केलें. पाण्याचे नळ आले, गॅस आला, वीज आली, आणि प्रत्येक वेळीं कारागिरांनीं वाटेंत येणाऱ्या तुळयांना खांचा पाडल्या. १९०२ सालीं अवघ्या कांहीं महिन्यांत मोठे फेरफार झाले. १९२७ सालीं पोलादी आधाराचें नवें छप्पर व वरचा मजला चढविण्यांत आला. त्याचें ओझें खालच्या जुन्या भिंतींवर पडलें. प्रत्येक दुरुस्ती एकटी पाहिली तर शहाणपणाची दिसे. सर्व मिळून घर खिळखिळें झालें. १९४८ सालीं राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या कन्येच्या पियानोचा पाय जमिनीच्या फळ्यांतून खालीं गेला, आणि त्या वर्षाअखेर कुटुंबाला रस्त्यापलीकडील ब्लेअर हाउसमध्यें बिऱ्हाड करावें लागलें.

यानंतर मात्र घाई झाली नाहीं. सहा जणांचें मंडळ नेमण्यांत आलें. त्यांत विधिमंडळाचे चार सभासद, एक स्थपति व एक अभियंता होता. सारेंच पाडून नवें बांधावें हाही एक मार्ग पुढें होता. मंडळानें बाहेरच्या दगडी भिंती राखून आंत पोलादाचा सांगाडा उभारण्याचें ठरविलें, आणि फिलाडेल्फियाच्या जॉन मॅकशेन या कंत्राटदाराकडे काम सोंपविलें. १९४९ च्या डिसेंबरांत कुदळ पडली. भिंतीस मोठें भगदाड पाडण्यास ट्रुमन यांनीं संमति दिली नाहीं. म्हणून माती लोटणारें यंत्र सुटें करून आंत नेलें व तेथें पुन्हां जोडलें, अशी हकीकत सांगतात. खर्च ५० लक्ष डॉलरांच्या वर गेला. १९५२ च्या मार्चमध्यें ट्रुमन घरीं परतले. सव्वातीन वर्षें घर मोकळें ठेवणें आपणांस साधणार नाहीं हें खरें. परंतु कुदळीपूर्वीं पाहणी करण्यास कांहीं इतके डॉलर पडत नाहींत.

वरचें ओझें वाढविण्याची हौस आपल्याकडे काँक्रीटच्या स्लॅबनें भागविली जाते. मंगळुरी कौलांचें छप्पर रिपांसह दर चौरस मीटरला सुमारें ६५ किलो भरतें. पांच इंची स्लॅब तितक्याच जागेंत ३०० किलोंच्या वर जातो. जुनी चिऱ्याची भिंत हा जवळ जवळ पांचपट भार पेलेल कीं नाहीं, याचें उत्तर नुसत्या अंदाजानें देतां येत नाहीं. तेथें अभियंत्यास बोलावून पाया उघडून दाखवावा. दुसरी हौस सिमेंटच्या गिलाव्याची. जांभा दगड पाणी पितो. चुन्याचा गिलावा तें पाणी हळू हळू बाहेर जाऊं देतो. सिमेंटचा कठीण थर तें कोंडतो, आणि मग ओल घराच्या आंतल्या अंगास फुटून रंगाचे पोपडे पडतात. चुन्याच्या कामास दिवस अधिक लागतात व तें जाणणारे गवंडी आतां थोडे आहेत; तरी जुन्या भिंतीस चुनाच मानवतो.

आतां मिस्त्री. ज्याच्या कामानें दोन पावसाळे पाहिले आहेत असा मिस्त्री शोधावा, व तें काम स्वतः जाऊन पहावें. घरमालक बहुधा स्तुतीच करील, कारण निवड त्याची असते. म्हणून घरांतील बायकांना विचारावें. मोरीचें पाणी तुंबतें का, दार पावसांत आवळतें का, हें त्यांस अधिक ठाऊक. मजूर त्याच्यापाशीं वर्षानुवर्षें टिकतात का हेंही पहावें. प्रत्येक प्रश्नास ‘होऊन जाईल’ असें उत्तर देणाऱ्यापेक्षां, ‘हें मला जमणार नाहीं, त्याला अमका सुतार बरा’ असें म्हणणारा मिस्त्री मला तरी अधिक भरंवशाचा वाटतो.

असा भरंवशाचा माणूस मिळाला म्हणजे कागदाची गरज नाहीं असें पुष्कळांस वाटतें. ‘मिस्त्री आपलाच, त्याच्याशीं लिखापढी कसली?’ माझें मत अगदीं उलट आहे. परका कंत्राटदार बिनसला तर निघून जातो. आपला मिस्त्री समोरच्या वाडींत राहतो, जत्रेंत भेटतो, अडल्या वेळीं प्रथम धांवून येतो. त्याच्याशीं वितुष्ट आलें, तर घर सुंदर होऊनही गांव परका होतो. आणि हें वितुष्ट लबाडीमुळें क्वचितच येतें. ‘छप्पर नीट करून देतों’ या चार शब्दांत मालकास नवे वासे ऐकूं येतात, मिस्त्रीस फुटकीं कौलें बदलणें ऐकूं येतें; दोघेही प्रामाणिक असतात.

म्हणून काम उक्तें कीं रोजंदारीवर, माल कोणाचा, लांकूड कोणत्या जातीचें, पाडकामांतून निघालेलें जुनें सागवान कोणाचें (यावरून होणारे कलह थोडे नाहींत), मलबा कोठें टाकावयाचा, हें सारें आधीं लिहावें. ज्या कामाचें माप आधीं करतां येतें तें उक्तें द्यावें. जें उघडल्यावांचून कळत नाहीं, उदाहरणार्थ कुजलेल्या वाशांची संख्या, त्याचा नुसता दर ठरवावा, व कौलें उतरल्यावर दोघांनीं मिळून मोजणी करावी. जादा काम निघालें तर तें होण्यापूर्वीं वहींत चढवून दोघांनीं सही करावी. अशा अज्ञात गोष्टींसाठीं एकूण रकमेचा निदान सहावा हिस्सा बाजूस काढावा, आणि तो आहे हें विसरून जावें.

येथें विद्यार्थ्यांचा खरा उपयोग आहे. फीत धरून खोलीखोलींतून फिरणें आजोबांस जमत नाहीं. तें मुलामुलींनीं अंगावर घ्यावें. चौकटीच्या कागदावर एका फुटास एक चौकट धरून घराचा नकाशा काढावा. जुन्या घराचे कोपरे काटकोनांत असतील असें मात्र गृहीत धरूं नये. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर व दुसरीवर ४ फुटांवर खूण करावी. खुणांमधील अंतर ५ फूट भरलें तर कोपरा खरा. गवंडी हेंच दोरीनें करतो, पायथॅगोरसचें नांवही न घेतां. मग ब्रास शिकावा. बांधकामाचा ब्रास १०० घनफुटांचा. ३० फूट लांब, १० फूट उंच व दीड फूट जाड भिंत ४५० घनफूट, म्हणजे साडेचार ब्रास. गिलाव्याचा ब्रास निराळा, तो १०० चौरस फुटांचा; त्याच भिंतीच्या एका अंगास तीन ब्रास लागतील. दारें-खिडक्या वजा कराव्या कीं नाहीं हें बिलाच्या दिवशीं नव्हे, पहिल्या दिवशीं ठरवावें. आणि नळ व विजेच्या नळ्या भिंतींत बसल्यावर, गिलाव्यापूर्वीं, शेजारीं फीत धरून प्रत्येक भिंतीचें मोबाइलवर छायाचित्र घ्यावें.

कामाचा काळ आभाळ ठरवितें. कोंकणांत पाऊस बहुधा जूनच्या पहिल्या पंधरवड्यांत येतो. म्हणून गणपति गेल्यावर लांकूड पहावें, दिवाळीनंतर कौलें उतरावीं, आणि मे महिना उजाडण्यापूर्वीं छप्पर मिटलेलें असावें. दोन्ही पाख्या एकदम उघडूं नयेत. अर्धें घर राहण्यास हवें, आजीच्या खाटेला जागा हवी. पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणें द्यावे, आणि शेवटचा दहावा हिस्सा पहिल्या मोठ्या पावसानंतर द्यावयाचा असें करारांतच लिहावें. मृगाची पहिली सर कोसळूं लागली कीं एकानें विजेरी घेऊन माळ्यावर जावें, जेथें थेंब दिसेल तेथील रिपेवर खडूनें फुली मारावी, व सकाळीं मिस्त्रीस बोलावून त्या फुल्या दाखवाव्या.